करंगळीची फट: पत्त्यांची पहिली हातचलाखी शिकताना

समोरच्या माणसाने कॅटातून एक पान काढलं आणि त्यावर मार्करने सही केली. तुम्ही ते पान सगळ्यांदेखत वरून दुसऱ्या जागी सरकवलं. चुटकी वाजवली, वरचं पान उलटलं, तर सहीचं पान वर आलेलं. मग ते तुम्ही कॅटाच्या पार मध्ये घातलं. पुन्हा चुटकी, पुन्हा वरचं पान उलटलं, आणि पुन्हा सही वर. समोरच्याने पान हातात घेऊन पाहिलं. सही त्याचीच. कॅट उलटासुलटा करून बघितला, त्यातही काही सापडलं नाही.

ही जादू आपण इथे शिकणार आहोत. तिच्यात हातचलाखी एकच आहे आणि तीही एकदाच करायची आहे. एका चलाखीवर दोन चमत्कार मिळतात, आणि शेवटी हातात लपवण्यासारखं काहीच उरत नाही. नवशिक्याला याहून चांगली जादू मी तरी सांगू शकत नाही. रोज वीस मिनिटं बसलात तर दोन-तीन आठवड्यांत घरच्या माणसांसमोर करता येईल.

कुठेही घातलं तरी वर चढणाऱ्या या पानाच्या जादूला इंग्रजीत ‘अँबिशियस कार्ड’ म्हणतात, म्हणजे महत्त्वाकांक्षी पान. प्रख्यात जादूगार हॅरी हुडिनीचा दावा असायचा की कुठलीही जादू मला तीनदा दाखवा, मी ती ओळखतो. १९२२ साली शिकागोमध्ये डाय व्हर्नन या कॅनडातून आलेल्या तरुणाने त्याच्यासमोर हाच प्रकार केला. पानावर हुडिनीची स्वतःची आद्याक्षरं होती, पान वरून दुसऱ्या जागी जात होतं आणि परत परत वर येत होतं. पुन्हा पुन्हा पाहूनही हुडिनीला ते कळलं नाही. व्हर्नन पुढे आयुष्यभर ‘हुडिनीला फसवणारा माणूस’ म्हणून ओळखला गेला. आपण शिकणार ती त्याच कुळातली अगदी सोपी मांडणी आहे.

आपल्याकडे जादूचा प्रयोग म्हटलं की पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात: भरलेलं नाट्यगृह, पेट्या, दिवे, संगीत. पत्त्यांची ही जादू त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. प्रेक्षक चार-पाच, तेही हाताच्या अंतरावर. हळदीच्या रात्री पत्ते कुटत बसलेल्या मंडळींत, कोजागिरीला गच्चीवर, कोकण रेल्वेच्या डब्यात डाव मोडल्यावर ती खरी शोभते. पत्ते आधीच समोर असतात, त्यामुळे कुणाला काही मुद्दाम आणल्यासारखं वाटत नाही.

पत्ते कुठले घ्यायचे

कागदी पत्ते घ्या. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते रमीला छान, धुताही येतात. पण ते निसरडे असतात, आणि आपल्याला दोन पानं एकमेकांना चिकटल्यासारखी धरायची आहेत. उलट अगदी स्वस्त गुळगुळीत पत्ते घामाने एकमेकांना इतके चिकटतात की हवं तेव्हा सुटत नाहीत. बायसिकल ब्रँडच्या पत्त्यांवर बारीक खळग्यांचा पोत असतो, त्यात हवा राहते म्हणून पानं सुटसुटीत सरकतात आणि तरीही हातात राहतात. हात लहान असेल तर साधारण ५७ मिलिमीटर रुंदीचा कॅट बघा. पोकर आकाराचा कॅट ६३ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि लहान मुठीत तो अवघडतो.

नवा कॅट पहिले दोन दिवस नुसता पिसा. कोरी पानं ताठ असतात, ती थोडी सैलावू द्या. पावसाळ्यात कागदी पानं दमट होऊन वाकतात; डबीत घालून वर रबर लावलं आणि डबी कपाटात ठेवली की बरीच सरळ राहतात. कॅरमची पावडर पत्त्यांना लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. या जादूसाठी ती नको, पानं जास्तच घसरायला लागतात.

आधी धरायला शिका

उजवा हात चालवणाऱ्यांसाठी सांगतो. डावखुऱ्यांनी सगळं उलट करावं.

कॅट डाव्या तळहातावर पालथा ठेवा. तर्जनी पुढच्या कडेला वळवा, म्हणजे प्रेक्षकांकडच्या आखूड कडेला. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी उजव्या लांब कडेला. अंगठा डाव्या कडेवरून वर येऊन वरच्या पानावर अलगद टेकलेला. पत्ते वाटताना बरेच जण नकळत असाच धरतात. फक्त एक बघा, उजव्या कडेच्या तीन बोटांची पेरं कॅटाच्या वर डोकावू देऊ नका. ती वरच्या पानाच्या पातळीला किंवा किंचित खाली हवीत. करंगळी मागच्या कोपऱ्याच्या, म्हणजे तुमच्या पोटाकडच्या कोपऱ्याच्या, जवळ येते का ते पाहा. पुढचं सगळं काम त्या करंगळीच्या पेराचं आहे.

दूरदर्शनवर मालिका बघताना, फोनवर बोलताना कॅट असाच हातात राहू द्या. हाताला त्याचं वजन सवयीचं झालं पाहिजे. कॅट घट्ट आवळलेला दिसला की बघणाऱ्याला कारण नसताना संशय येतो.

एक पान उलटणं

इथे घाई करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जवळजवळ सगळे शिकणारे हा भाग गाळून सरळ चलाखीकडे धावतात, आणि मग त्यांचा हात त्या एका क्षणी वेगळा दिसतो. ही चलाखी म्हणजे दोन पानं एका पानासारखी उलटणं. तुम्ही एक पान कसं उलटता हेच तुम्हाला ठाऊक नसेल, तर दोन पानं कशासारखी उलटणार?

वरचं पान अंगठ्याने किंचित उजवीकडे सरकवा, अर्धं बोट पुरे. उजव्या हाताचा अंगठा पानाच्या वर, तर्जनी आणि मधलं बोट खाली, अशी उजवी कड मागच्या कोपऱ्याजवळ धरा. पुस्तकाचं पान उलटावं तसं पान डावीकडे उलटा आणि कॅटावर उघडं ठेवा. पण बरोबर कॅटावर नाही, पुढे एक सेंटिमीटर बाहेर डोकावेल असं. पुढच्या कडेची तर्जनी त्या वेळी खाली घ्या, म्हणजे पान अडणार नाही. डावा अंगठा त्या उघड्या पानावर टेकवा. पानाचं नाव घ्या: ‘किलवर दश्शी.’ मग बाहेर डोकावणारा उजवा कोपरा तसाच वर अंगठा, खाली दोन बोटं असा धरा, पान पुन्हा डावीकडे पालथं करा आणि कॅटाशी जुळवून घ्या.

एवढंच, रोज पन्नास वेळा, तीन-चार दिवस. वेग एकच, आवाज एकच. पान पुढे डोकावत ठेवण्याची ही लकब नुसती नखरा नाही. दोन पानं उलटाल तेव्हा ती दोन्ही तशीच पुढे डोकावतील, आणि परत पालथी करताना तेवढी दोनच बोटांत येतील, खालचं तिसरं पान येणार नाही. मात्र ती लकब एका पानालाही तुमची नेहमीचीच असली पाहिजे.

फट

आता करंगळी. वरच्या दोन पानांखाली करंगळीच्या पेराचं मांस जेमतेम अडकवून ठेवायचं, म्हणजे ती दोन पानं उरलेल्या पन्नास पानांपासून वेगळी राहतात. त्याला मी फट म्हणतो. बावन्न पानांची थप्पी दीड सेंटिमीटरच्या आसपास जाडीची असते, त्यामुळे दोन पानांची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त भरते. एवढ्याशा गोष्टीखाली बोट घालायचं म्हणजे अवघड वाटतं. पण या जादूत ती दोन पानं शोधायची नाहीतच, ती आपल्याला आपोआप मिळतात. ते असं.

समोरच्याचं पान तुमच्या उजव्या हातात आहे. तुम्ही म्हणता, हे मी वरून दुसऱ्या जागी ठेवतोय. डाव्या अंगठ्याने कॅटावरचं पान एक तृतीयांश उजवीकडे सरकवता. त्याच्याखाली, आणि कॅटाच्या वर, समोरच्याचं पान पालथं घालता. तेही थोडं उजवीकडे बाहेर राहू देता. आता दोन पानं उजवीकडे बाहेर आहेत आणि ती कॅटाशी जुळवायची आहेत, हे कुणालाही साहजिक वाटतं. उजव्या हाताने ती डावीकडे दाबून जुळवताना करंगळीचं पेर मध्येच राहतं. ते बाजूला घ्यायचंच नाही. पानं जुळतात, करंगळीवर टेकतात, फट तयार.

बोट मुद्दाम आत खुपसावं लागत नाही. पानंच बोटावर येऊन बसतात. पहिल्यांदा हे जमेल तेव्हा तुम्हीच थबकाल.

फट केवढी हवी? फक्त मागच्या उजव्या कोपऱ्याशी, एखादा तांदळाचा दाणा अडकावा एवढी. पुढच्या कडेकडून बघितलं तर कॅट सपाट आणि बंद दिसला पाहिजे. फट लांब उघडी राहत असेल तर करंगळी फार आत गेली आहे. निम्मी बाहेर काढा. डावा अंगठा वरून हलका दाबलेला असला की फट आपली आपण मिटलेली दिसते.

याचा सराव बसून, टेबलावर किंवा गादीवर करा. उभ्याने केलात तर निम्मा वेळ जमिनीवरची पानं गोळा करण्यात जाईल. पान घाला, जुळवा, फट धरा, मग नुसतं दहापर्यंत मोजा. त्या दहा अंकांत खिडकीतून बाहेर बघा, पाणी मागा, कुणाशी बोला. फट धरून सहज बोलता येणं हे या जादूचं अर्धं शिक्षण आहे.

दोन पानं उलटणं

फट धरलेली आहे. उजवा हात येतो, अंगठा वर, दोन बोटं खाली. फटीमुळे उजवी कड आधीच सुटी झालेली असते, त्यामुळे बोटांना चाचपडावं लागत नाही. दोन्ही पानं एकत्र धरा, डावीकडे उलटा, पुढे एक सेंटिमीटर डोकावत ठेवा, डावा अंगठा वर टेकवा. हे तुम्ही तीन-चार दिवस एका पानाने केलेलंच आहे. समोर दिसतंय दुसरं पान, पण बघणाऱ्याच्या लेखी ते वरचं.

पानं एकमेकांवरून सरकत असतील तर तीन कारणं तपासा. बहुतेकदा अंगठ्याचा दाब कमी असतो. पकड कोपऱ्याच्या फार टोकाला असेल तरी सरकतात. उजव्या कडेच्या थोडं मध्याकडे या. आणि उलटायची गती मध्येच बदलली तरी सरकतात, कारण घाबरलेला हात अर्ध्या वाटेवर झटका देतो. पानांना लांबीत किंचित बाक दिलात, जसा जुन्या कॅटाला असतो, तर ती एकमेकांना बिलगून राहतात.

उलटून ठेवल्यावर कडा केसभर सरकलेल्या दिसल्या तर धसमुसळेपणाने नीट करायला जाऊ नका. पान दाखवायला म्हणून कॅट थोडा वर उचला. तो उचलताना उजव्या हाताची बोटं बाजूने सहज फिरवा, कडा जुळतात.

सरावात आरसा उपयोगी आहे, पण त्याची एक खोड सांगतो. चलाखीच्या नेमक्या क्षणी आपले डोळे मिटतात. आपल्यालाच ती बघायची नसते जणू. आरशात म्हणूनच सगळं झकास दिसतं. फोन समोर, छातीच्या उंचीला ठेवून चित्रित करा आणि मग पाहा. पहिलं चित्रण बघून वाईट वाटेल, ते प्रत्येकालाच वाटतं. आठ दिवसांनी दुसरं करा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा.

आता सगळी जादू सलग

कॅट त्यांनाच पिसायला द्या. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचं. मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला स्वतः पिसलेल्या कॅटाचा जो विश्वास वाटतो, तो तुमच्या कुठल्याही बोलण्याने वाटणार नाही. पिसून झाल्यावर हवं ते पान काढायला सांगा. अगदी उघडं बघून, निवडून घेतलं तरी चालेल. आपल्या जादूला ते पान कुठलंही चालतं.

पानावर सही घ्या. मार्कर कायमच्या शाईचा हवा, फळ्यावरचा पुसला जातो. राजा-राणीच्या चित्रावर सही हरवते; कुणी चित्राचं पान काढलं तर मोठ्या अक्षरांत करायला सांगा. दुर्री-तिर्रीवर भरपूर पांढरी जागा मिळते. शाई वाळेपर्यंत पान त्यांच्याच हातात राहू द्या आणि फुंकर मारायला सांगा, नाहीतर ओली सही खालच्या पानाच्या पाठीवर उमटते.

ते फुंकर मारत असताना तुम्ही कॅटावरचं पान, एकच, नेहमीच्या पद्धतीने उलटून दाखवा. समजा चौकट गुलाम आहे. ‘सध्या वर हा गुलाम आहे.’ परत पालथा करा. त्यांनी तुमची एक पान उलटायची पद्धत बघितली. पुढे दोन पानं उलटाल तेव्हा त्यांच्या डोळ्यांना ती ओळखीची असेल.

आता सहीचं पान घ्या, सगळ्यांना दाखवा, आणि गुलामाच्या खाली घाला. सावकाश. ‘लांब नाही नेत, वरून दुसरं.’ इथे सगळ्यांची नजर पानावर खिळलेली असते आणि तुम्ही जे करताय ते शंभर टक्के खरं असतं. त्या खरेपणाच्या आडोशालाच करंगळी आपलं काम करून जाते. जुळवलं, फट धरली, उजवा हात बाजूला घेतला.

इथे थांबा. दोन-तीन सेकंद काहीही करू नका. सही करणाऱ्याकडे बघून विचारा, ‘कितवं आहे तुमचं पान?’ ते म्हणतील दुसरं. चुटकी वाजवा. मग दोन्ही पानं उलटा. सही!

लोक हसतील, ओरडतील, ‘परत, परत’ म्हणतील. त्या गलक्यात दोन्ही पानं पालथी करा. घाईने नको. आता कॅटावर सगळ्यात वर चौकट गुलाम आहे आणि त्याखाली सहीचं पान, पण खोलीतल्या प्रत्येकाला खात्री आहे की वर सहीचं पान आहे. चलाखी इथे संपली. यापुढे तुमच्या हातून एकही लबाड हालचाल होणार नाही.

‘दुसरं फार जवळ होतं. आता पार मध्ये घालू.’ वरचं पान अंगठ्याने उजवीकडे सरकवून उजव्या हातात घ्या. त्याचं तोंड जमिनीकडेच राहिलं पाहिजे. त्याकडे स्वतःही बघू नका, कारण तुमच्या लेखी ते कुठलं पान आहे हे सगळ्यांनी बघितलेलंच आहे. पुढच्या कडेने ते कॅटाच्या मध्ये अर्धं घाला आणि उरलेलं अर्धं त्यांना त्यांच्या बोटाने आत ढकलायला सांगा. स्वतः ढकललेल्या पानावर माणसाचा पक्का विश्वास बसतो.

चुटकीही त्यांनाच वाजवायला सांगा. मग वरचं पान, आता खरोखर एकच, त्याच पद्धतीने, त्याच वेगाने उलटा. पान त्यांच्या हातात द्या आणि कॅट शेजारी ठेवून द्या.

थांबा. तिसऱ्यांदा करू नका, कितीही आग्रह झाला तरी. दुसऱ्या वेळी लोक पान बघत होते, तिसऱ्या वेळी ते हात बघतील.

बोलणं

‘हे बघा, एकच पान आहे’ असं कधीही म्हणू नका. ज्या शंकेचा कुणी विचारही केला नव्हता ती तुम्हीच पेरता. एकच पान आहे हे तुमच्या हाताने सांगायचं, तोंडाने नाही.

चलाखीच्या वेळी हाताकडे बघू नका. मी पहिल्यांदा ही जादू चिपळूणला मावसबहिणीच्या हळदीच्या रात्री केली. मे महिना, बोटं घामेजलेली. दोन पानं उलटली आणि कड दोऱ्याएवढी सरकली. ती कुणालाही दिसली नसती. पण मी दचकून खाली हाताकडे पाहिलं, तशी माझ्याबरोबर सगळ्यांनी पाहिलं, आणि आत्या म्हणाली, ‘अरे, दोन आहेत का रे ती?’ तिला पानं नव्हती दिसली, माझी नजर दिसली होती. त्या दिवसापासून दोन पानं उलटताना मी सही करणाऱ्याच्या चेहऱ्याकडेच बघतो. त्याच क्षणी कुणाला काही विचारलं तर आणखी बरं. प्रश्न विचारला की माणूस आधी तोंडाकडे बघतो. आणि तेव्हापासून खिशात रुमालही ठेवतो. पान हातात घेण्याआधी बोटं पुसून घ्या.

कुठे उभं राहायचं, कुठे नाही

फट मागच्या उजव्या कोपऱ्याला असते. म्हणून तुमच्या पाठीशी कुणी नको आणि उजव्या खांद्याशीही नको. भिंत पाठीमागे घेतलीत की निम्मी काळजी मिटते. बसून करणार असाल तर खोलीच्या कोपऱ्यातली जागा पकडा.

मुलांकडे वेगळं लक्ष द्या. मोठी माणसं खुर्चीवर, मुलं चटईवर, ही आपल्या घरातली नेहमीची रचना. मोठ्यांच्या नजरेला जे पालथं पान आहे ते चटईवरून खालून उघडं दिसतं. मी गुलाम मध्ये घालत असताना माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने खालून वाचला होता आणि मोठ्याने सांगितलाही होता. मुलं खाली असतील तर तुम्हीही चटईवर बसा, किंवा पान घालताना कॅटाची पुढची बाजू थोडी खाली झुकवा.

बिघडलं तर

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते एकच: बोलण्याच्या नादात फट सुटते. या मांडणीत त्याला सोपी वाट आहे, आणि ती वाट आहे म्हणूनच मी ही मांडणी शिकवतो. फट सुटली आहे असं वाटलं तर चुटकी वाजवू नका. वरचं एकच पान उलटून दाखवा: ‘वर अजून गुलामच आहे.’ तो पालथा करून थोडा उजवीकडे सरकवा, खालचं सहीचं पान काढून दाखवा, ‘आणि दुसरं हे तुमचं.’ ते परत खाली घाला, जुळवा, फट धरा. कुणालाही वाटेल की तुम्ही खात्री करून दाखवताय. प्रत्यक्षात तुम्ही पुन्हा सुरुवातीला आलात. हे मुद्दाम सरावात करून ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष वेळी हात आपोआप तिकडे वळतो.

कुणी मध्येच कॅट हिसकावला तर देऊन टाका. ओढाताणीत तुमचीच बाजू पडते. हसून म्हणा, ‘घ्या, तुम्ही पिसा,’ आणि नंतर कधीतरी पुन्हा करा.

आणि ‘कसं केलंस?’ हा प्रश्न येणारच. मी शिकायची खरी इच्छा असलेल्याला सांगतो, पण त्याच बैठकीत कधीच नाही. दुसऱ्या दिवशी तो परत विचारायला आला, कॅट घेऊन आला, तर त्याच्याबरोबर बसतो आणि एक पान उलटण्यापासून सुरुवात करतो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. जे येतात त्यांना शिकवण्यात मजा आहे. एक गोष्ट मात्र कुणालाही शिकवताना आधी सांगतो: पैशाच्या डावात ही फट वापरायची नाही. ज्या बैठकीत पैसे लागलेत तिथे मी जादूही करत नाही.

खर्च होणारी पानं

सहीचं पान लोक परत देत नाहीत, आणि मागूही नका. भाचीच्या कंपासपेटीत माझी बदाम तिर्री अजून आहे. सही तिच्या आजोबांची आहे, म्हणून तर ती मुळीच परत मिळायची नाही. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला एक पान जातं आणि कॅट रमीला निकामी होतो. म्हणून कॅट घेताना एकाच रंगाचे, एकाच पाठीचे दोन घ्या. एक जादूचा, दुसरा भरपाईचा. जोकर टाकून देऊ नका. भरपाईचाही संपत आला की जोकरावर पेनाने ‘बदाम तिर्री’ लिहून डाव चालू ठेवता येतो, आणि ते तर आपण लहानपणापासून करत आलोच आहोत.